साठ लारी

कुताइसी. पहाटेचे चार.
बेकरीच्या मागच्या खोलीत
पिठाच्या पोत्यावर वही टेकवून तामता.
खर्च = ०.००५क्ष² + ०.१क्ष + ६०
क्ष म्हणजे रोट्या.

पलीकडे मालखाज, तिचा बाप,
विहिरीसारख्या भट्टीत कमरेपर्यंत वाकतो,
कणकेची होडी भिंतीला थापतो,
लालबुंद होऊन वर येतो.

रोटी विकते दीड लारीला.
पुढची एक भाजायला दीडच लारी लागू लागली
की थांबायचं, असं बाई म्हणाल्या.
ती अवकलन करते.
"बाबा, दोनशे ऐंशी भाजायच्या!"
भट्टीतून हसू घुमत येतं,
"आणि खाणार कोण? रिओनीतले मासे?"

ती पुन्हा बघते. वर्गातला दोन
खाली उतरवलाच नव्हता,
बसून राहिला होता डोक्यावर.
खोडते. एकशे चाळीस.
बाप रोज तेवढ्यावरच थांबतो.
त्याला क्ष ठाऊक नाही, उजवा खांदा ठाऊक आहे.

उदाहरण इथे सुटलं. पण पेन्सिल मागे जाते
त्या साठावर, दुकानाच्या रोजच्या भाड्यावर.
पहिल्याच पायरीला ते नाहीसं झालं.
स्थिरांकाचं अवकलन शून्य,
पुस्तकात चौकट करून छापलंय.

येत्या महिन्यापासून नव्वद.
मालकाची चिठ्ठी मिठाच्या डब्याखाली आहे,
बापाने अजून वाचलेली नाही.
ती साठ खोडून नव्वद लिहिते,
सगळं परत करते, दोनही उतरवते.
अडतीस उरायचे, आठ उरतील.

"मग? किती?" बाप विचारतो, डोकं भट्टीत.
"एकशे चाळीस," ती म्हणते.
"तेवढ्याच."