चार मीटर साठ

सूतगिरणीचा जुना क्रीडा हॉल पाडला,
तेव्हा तिथल्या जमिनीच्या फळ्या
मी सरपणाच्या भावानं उचलल्या.
हल्ली कौनासमध्ये ही टूम आहे,
मैदानाचं लाकूड स्वयंपाकघरात.
गिऱ्हाइकांना ओरखडे हवे असतात,
फक्त दुसऱ्या कुणीतरी आधीच काढलेले.

स्किरमान्तेबाईंना मात्र हाच हॉल हवा होता.
वय एकोणसत्तर, डाव्या गुडघ्यात पोलादी पट्टी,
स्वयंपाकघर तीन मीटर नव्वद.
विचारलं, रेषा जुळवून बसवू?
कमानीला कमान, वर्तुळाला वर्तुळ?
म्हणाल्या, नको, हाताला येतील तशा.
मग फ्रिजखाली गेला लाल कमानीचा तुकडा,
सिंकपाशी कुठल्याशा अक्षराचं पोट,
दारात एक हिरवी चीर,
कुठून आली, कुठे निघाली, तिचं तिला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी बिटाचं गार सूप वाढताना म्हणाल्या,
एक रेषा तेवढी शोधून दे.
फ्री थ्रोची.
दक्षिणेकडच्या रिंगसमोरची.

का, ते मी विचारलं नाही.
रंधा मारणाऱ्याला गोष्टी आपोआप ऐकू येतात.
शेवटचे चार सेकंद, एका गुणानं मागे,
हातात दोन फेका.
पहिला चेंडू कड्यावर फिरला, फिरला, बाहेर आला.
दुसरा कड्याला शिवलाही नाही.
कातण खात्यातल्या मुली वर्षभर बोलल्या नाहीत,
किंवा बोलल्या, पण भलत्याच कशाकशाबद्दल.
अंगण वाकडं नव्हतं, बाई म्हणाल्या,
मनगट वाकलं.

लेक आउद्रोने झुरिकला असते, लाकडावरच संशोधन.
तिनं फोनवर दाखवलं:
बिस्किटाएवढी चकती, कसलासा लेप दिलेली,
वर टाच दाबली की
इवलासा दिवा लागतो, विझतो.
चहाला किती पावलं लागतील? बाईंनी विचारलं.
पलीकडे आकडेमोड झाली. बराच वेळ.
आई, तू आपली किटलीच लाव.
मी हसलो. बाई हसल्या नाहीत.
पंधरा वर्षं धावलो आम्ही या लाकडावर, म्हणाल्या,
ते सगळं गेलं कुठे मग?

आता खरं सांगतो.
ती रेषा मिळाली नाही.
दक्षिणेकडचं छप्पर गळायचं,
तिथल्या फळ्या कुजल्या आणि माझ्या हाती येण्याआधीच
कुणाच्या तरी शेगडीत गेल्या.
मी बसवली ती व्हॉलीबॉलची मागची हद्द.
रुंदी तीच, पांढराही तोच,
पण घासताना काठाशी खालचा निळा वर आला
आणि मी पॉलिशचा एक हात जास्त फिरवला.

खिडकीलगत बसवली, टेप लावून, काटेकोर.
तिथून चार मीटर साठ म्हणजे
समोरची भिंत ओलांडून मीटरभर आत.
उंची तीन मीटर पाच, आणि छत अडीचवर.
म्हणजे रिंग पडते वरच्या मजल्यावर,
शेजारच्या बुटकुसांच्या न्हाणीघरात,
जमिनीपासून वीतभर वर,
बहुधा टबातच.
हा हिशेब मी बिलात लिहिला नाही.

नोव्हेंबरात बोलावणं आलं, एक फळी करकरते.
दार लोटलेलं होतं.
बाई रेषेमागे उभ्या, अनवाणी,
हातात कोबीचा गड्डा,
नजर भिंतीवरच्या कॅलेंडरच्याही वर.
गुडघे किंचित वाकले. पट्टीवालाही.
मी उंबऱ्यातच थांबलो.
गड्डा हातातच राहिला.

निळा दिसतो रे काठाला, मागे न बघता म्हणाल्या,
दुपारचं ऊन आलं की.
मी पिशवीतून पाचर काढली, हातोडी काढली,
उगाच परत ठेवली.
व्हॉलीबॉलमध्येही मी यथातथाच होते,
असं म्हणून बाई कोबी चिरायला बसल्या.

मी ओणवा होऊन करकर शोधू लागलो.
वर कुणीतरी टबाचा नळ सोडला.