तिसऱ्या तासाचं निरीक्षण

बारितोला भरती होती. मदरशाच्या फळ्यांखाली
पाणी घोटाघोटानं वर चढत होतं.
मुलं जमिनीवर, मी मागे,
खास माझ्यासाठी आणलेल्या एकुलत्या बाकावर,
मांडीवर जिल्हा कार्यालयाचा छापील कागद.
पाठटाचण: नाही.
साधनं: एक छडी, तीही फक्त ओळ दाखवायला.
वेळेचं नियोजन: गुरू मसरानींकडे घड्याळच नाही,
दुपारची होडी धक्क्याला लागली की तास संपतो.

याच खोलीत त्यांनी मला पहिली अक्षरं दिली.
तेव्हा मी औदा होते, नाक ओढत ओढत वाचणारी.
आज दारात उभं राहून म्हणाले,
"या, मुख्याध्यापकबाई,"
आणि खांद्यावरच्या पंचानं बाक पुसला.
कुठे बघावं मला कळेना.

इजाई वाचत होता. घशातला ह
त्यानं सरळ छातीतून सोडून दिला.
गुरुजींची मान डोलतच राहिली.
मी पेन टेकवलं. चुकांची दुरुस्ती: चारपैकी एक.
गावात बोलतातच, म्हाताऱ्याचे कान गेले,
रमजानच्या आत काहीतरी करा.

मुलं एकमेकांकडे बघत होती, मग माझ्याकडे,
जणू घरातलं काही पाहुण्यासमोर काढावं की नाही.
मग सगळ्यांनी तळहात जमिनीवर आपटले.
एकदाच. धप्प.
ऊलिनच्या जुन्या लाकडातून तो ठोका
गुरुजींच्या अनवाणी तळव्यांत शिरला.
छडी मागे सरकली. "पुन्हा."
इजाईनं पुन्हा म्हटलं. कुणी हललं नाही.
छडी पुढे गेली.

पुढे जात जात माझ्यापाशी थांबली.
"औदा, तिथून पुढे."

मी वाचलं. चार मात्रांची ओढ
दोन मात्रांत उरकली,
नऊ वर्षं परिपत्रकं वाचलेल्या जिभेनं.

धप्प.
सगळ्यात जोरात पुढची नोरैना, पुढचे दोन दात पडलेली.
माझ्या पायांनाही ते कळलं.
"पुन्हा," गुरुजी म्हणाले.

आता रात्री शेरा लिहायला बसलेय.
एकाचा चार करायला एक तिरपी रेघ पुरते,
ती मी ओढली. पण खाली आणखी एक ओळ आहे,
'शिक्षकाची श्रवणक्षमता', तिथं तिसऱ्यांदा खोडलं.
एकवीस मुलं, बेचाळीस तळहात,
हे जिल्ह्याच्या भाषेत कसं लिहायचं
ते गुरुजींनी शिकवलं नव्हतं.