सहीपुरती जागा

ब्रेमरहाफेनला उतरले तेव्हा वारा असा की
स्टेशनबाहेरच्या बाकावर
फायलींचं बंडल मांडीखाली दाबून बसले.
कुताइसीतली सहा वर्षं होती त्यात,
अतिदक्षता विभाग, बहुतेक रात्रपाळ्या.
पानापानाचं भाषांतर, भाषांतरावर शिक्का,
आणि शिक्का खरा असल्याचा आणखी एक शिक्का.

तरी पत्र आलंच, तासांचा हिशेब लागत नाही.
म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचे किती?
घरी जाऊन केलेल्या शुश्रूषेचे किती?
आई चार वेळा मिनीबसनं गेली,
माझ्या कॉलेजचं कुलूप बघून आली.
पाचव्या खेपेला निवृत्त प्राचार्या नानुलीबाई
भाजीच्या पिशवीतून रजिस्टर घेऊन आल्या.
तास सापडले.
आजोबांना कूस बदलून देण्याचे मात्र
कोणी लिहूनच ठेवले नव्हते.

तोवर मी मदतनीस.
चादरी, पाणी, ताट, भांडं.
सुई दिसली की हात पाठीमागे,
शाळेत मारकुट्या बाईंसमोर धरायचे तसे.

संध्याकाळी वर्गात दुखण्याचे शब्द पाठ करायचे.
ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी,
आग होते ती वेगळी.
आणि माणूस नुसतं ‘कसंतरी होतंय’ म्हणतो,
त्याला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

सात नंबरचे ट्यार्क्स. चाळीस वर्षं हेरिंगच्या बोटीवर.
त्यांची बोली कुठल्याच धड्यात नाही.
सकाळी ‘मोइन’, दुपारी ‘मोइन’,
रात्री अडीचला बेल दाबून, तरी ‘मोइन’.
त्या एका शब्दाच्या चढउतारावरून मी
त्यांचं पोट ओळखायला शिकले, झोप,
आणि मुलाचा फोन आला की नाही, तेही.

एका पहाटे मी ‘मोइन’ म्हटलं
आणि ते परत आलंच नाही.
कपाळ ओलं, डोळे भलतीकडे.
साखर उतरली होती. मला बघताच कळलं,
पण माझ्या कळण्याला कागद नव्हता.
धावत जाऊन यानिनाला आणलं, बावीस वर्षांची,
गेल्याच महिन्यात पास झालेली. तिचा हात थरथरत होता.
मी तिच्या कानाशी एकेक पायरी सांगत गेले,
लिंग चुकवत, विभक्ती चुकवत.
ट्यार्क्स परत आले. पाणी मागितलं, मग शिवी दिली.
यानिनानं नोंद केली,
पेन माझ्यापुढे धरलं,
आणि आठवण होऊन मागे घेतलं.
त्या पहाटे मी स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

परीक्षेत पहिल्यांदा नापास.
बाई म्हणाल्या, रुग्णाला समजेल असं सांगा.
मी पुस्तकाला समजेल असं सांगितलं.
दुसऱ्यांदा डोळ्यांपुढे ट्यार्क्स आणले,
शिवी तेवढी गाळली.

मार्चमध्ये खाकी पाकीट आलं.
जिन्याखाली, सायकलींपाशीच फोडलं.
परवाना. माझा. नावात एक अक्षर कमी.
दुरुस्तीला अर्ज लागेल, अर्जाला शिक्का.
हसू आलं. रडूही येणार होतं,
पण लोहमान साहेब कचऱ्याची पिशवी घेऊन उतरले.
म्हटलं, मोइन.
आईला फोन केला. तिनं विचारलं,
पगार किती वाढला, आणि मोजे आहेत का जाड.

पहिली सुई सात नंबरला.
ट्यार्क्सनी बाही वर केली, माझ्याकडे पाहिलं,
“आणि कालपर्यंत हे हात कुणाचे होते?”
मला उत्तर सुचलं, पण आमच्या भाषेत.

मग तक्ता. सहीचा रकाना नखाएवढा,
इथल्या आखूड आडनावांच्या मापानं आखलेला.
कोपालेइशविली त्यात मावेना.
शेवटची तीन अक्षरं
आठ नंबरच्या ओळीत गेली.
खोडलं नाही.