उघाडी

डॉक्टर कुरियननी दंडात बोट रुतवलं
आणि काढून घेतलं.
खळगा तसाच राहिला,
ओहोटीच्या चिखलातून पाय उचलल्यावर राहतो तसा,
सावकाश भरत जाणारा.

"कधीपासून?"
"दिवाळीपासून," मी म्हटलं. खोटं.
छातीतली गाठ काढली, काखेतल्या ग्रंथी तिच्याबरोबर गेल्या,
तेव्हापासूनच हात भरत होता.
मी फक्त मोजत नव्हते.
मोजायचा घणसोली गावातला नझीर टेलर:
वहीत माझ्या नावापुढे
डावी बाही अकरा, उजवी साडेपंधरा.
त्याने कधी काही विचारलं नाही.
कापड तेवढं जास्त मागायचा.

शाळेत मी फळ्याच्या वरच्या ओळी सोडून दिल्या.
चौथी ब ला वाटायचं,
मराठी खालूनच सुरू होते.

माझा बाप, पोशा म्हात्रे, खारीवरचा उघाडीवाला.
बांधात बसवलेली लाकडी झडप.
ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं,
भरतीला खाडीच तिला दाबून धरायची.
बापाचं काम एवढंच,
फटीत अडकलेली काठी, मेलेला खेकडा, चपलेचा अंगठा
हात घालून काढणं.
पुढे जमिनी गेल्या, प्लॉट पडायचे होते.
कुणाच्या तरी डंपरने उघाडीवर राडारोडा ओतला.
तीन पावसाळे आमचं शेत नुसतं फुगून होतं.
बुडालं नाही, सुकलं नाही,
वर हिरवी जाड साय धरली.
बाप बांधावर बसून म्हणायचा,
"पानी र्‍हायाला येत नाय, पोरी.
वाट नाय गावली म्हंजे र्‍हातं."

ऑपरेशनला मी जागी होते, बधिर होता फक्त हात.
बोटांच्या बेचक्यांत हिरवं औषध टोचलं,
दिवे घालवले,
आणि पडद्यावर माझा हात उजळला.
मनगटातून एक रेघ निघाली, शेजारून दुसरी,
कोपरापर्यंत नीट, पाटासारखी.
मग फुटली.
पुढे नुसतं पसरलेलं, वाट चुकलेलं चांदणं.
"इथे राडारोडा आहे," मी म्हटलं.
"काय?"
"काही नाही."

सुई मला दाखवली. दिसली नाही.
दोरा तर नव्हताच, मी शपथेवर सांगेन.
अर्ध्या मिलिमीटरची नळी, तिच्याशेजारी तेवढीच शीर;
एकीचं तोंड दुसरीला शिवायचं,
अडलेलं पाणी रक्तात सोडायचं.
कुरियन मायक्रोस्कोपवर वाकलेले,
श्वाससुद्धा उसना घेतल्यासारखा.
सिस्टर पुष्पलतांनी एसीचा आवाज कमी केला,
म्हणजे बटणाकडे नुसतं रागाने पाहिलं.

"आणि रक्तच उलटं आलं तर?"
"शिरेला झडप असते," डोकं न उचलता ते म्हणाले,
"तशीच शीर शोधतोय. एका बाजूनेच उघडणारी."

मी हसले असेन,
कारण ते म्हणाले, हलू नका.
नंतर डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा
सिस्टरने विचारलं, भूल उतरतेय का?
मी हो म्हटलं. सोपं होतं.

पाच तासांत चार जोड.
शेवटच्याला टाका पडला आणि पडद्यावर
शिरेतलं लाल जरासं मागे सरलं,
त्याच्या जागी काहीतरी स्वच्छ गेलं.
खोलीत कुणी बोललं नाही.
मला तोंडात खारट चव आली.

आठ महिने झाले.
घट्ट बाही अजून घालावी लागते, उन्हाळ्यातसुद्धा.
नझीरने परवा साडेपंधरा खोडून चौदा लिहिलं,
उरलेलं कापड घडी करून परत दिलं.
फळ्यावर वरून दुसर्‍या ओळीपर्यंत पोचते.

रोज झोपताना दंडात बोट रुतवते
आणि खळगा भरेपर्यंत आकडे म्हणते.
आधी साठाच्या पुढे जायचे.
काल एकवीसला भरला.
आज सव्वीस.
भरती असेल.