सव्वीस टाके

दुपारी रापणीच्या मांगरात
सुंगटीच्या गोचिडी काढत होतो.
एकेक रॉकेलच्या वाटीत टाकायची, मोजायची नाही.
ती उताणी, मागचा पाय हवेत,
आणि माझं बोट डाव्या बाजूच्या चौथ्या सडापाशी
अडलं.

चाळीस वर्षं जाळी सांधतोय सर्जेकोटच्या बंदरावर.
काळोखात, अंगात ताप असताना,
बोटं गाठ ओळखतात.
माझी कुठली, भावाची कुठली,
घाईत कुणी मारली, कुठली सुटणार.
ही कुणाची ते कळेना.
वाटाण्याएवढी. वाळूत अंगठ्याखालून शिंपली सरकावी
तशी सरकली.
गोचीडच असेल, मी म्हटलं, आत शिरलेली.
रुक्मा म्हणाली, "लागला आसात कायतरी. हळद लाव."
हळद लावली.
नारळी पौर्णिमा झाली, दसरा झाला,
वाटाण्याची सुपारी झाली
आणि सुपारीशेजारी नवा वाटाणा.

मालवणात हडकर डॉक्टरीण, माझ्या धाकटीच्या वयाची.
रिक्षावाला गिरप म्हणाला, "कुत्र्याक शीट नाय."
मग दिगूच्या टेंपोतून नेली, बर्फाच्या पेट्यांमध्ये बसवून.
डॉक्टरीणबाईंनी दहाही सड चाचपले,
काखा, जांघा. छातीचा फोटो काढला.
फुप्फुसं स्वच्छ आहेत, म्हणाल्या.
"किती वेळा व्याली?"
एकदाही नाही. मी ताठ मानेनं सांगितलं.
"मग ऑपरेशन केलं होतं?"
नाही. सुई.
वर्षातून दोनदा बाबल्या कंपाउंडर यायचा फटफटीवरून,
दोनशे रुपये, माज बंद.
दारात कुत्र्यांची झुंबड नाही,
वाळत घातलेल्या सुक्या मासळीवर कोणी तंगडी वर करत नाही.
सात वर्षं.

बाईंचं पेन थांबलं.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हणाल्या, त्या सुयांनीही होतं असं.
पहिल्या माजाआधी पिशवी काढली असती
तर बहुतेक झालंच नसतं.
बहुतेक, हे त्या दोनदा म्हणाल्या.
कुत्र्यांत निम्म्या गाठी साध्या निघतात.
मांजरींचं वाईट, दहातल्या आठ-नऊ…
पुढचं बोलल्या नाहीत. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून
एक पांढरी मांजर आमच्याकडे बघत होती.

ज्या सडांना कधी दूधच आलं नाही

हे वाक्य मी कट्ट्यावर, घरी, अंथरुणात
पुरं करून बघितलं. होत नाही.

डावी रांग सगळी काढली, पाचही.
गाठ बाटलीत घालून तपासायला पाठवली.
येताना सुंगटी टेंपोत शुद्धीवर आली, ओकली,
आणि माझ्याच लुंगीत तोंड खुपसून पडली.
दुसरं कोण होतं तिला.
रात्री बॅटरीच्या उजेडात मी टाके मोजले.
सव्वीस.
सारख्या अंतरावर, ना ओढलेले ना ढिले.
शेवटची गाठ दुहेरी, टोक नखभर राखलेलं.
बापानं मला अशीच शिकवली होती.
पोरीच्या हाताला समुद्र कधी लागला असेल?

मांगरात एक मांजरी आहे, कोणाचीच नाही,
चार महिन्यांची असेल.
मंगळवारी पाटीत घालून, वर पाटी उपडी बांधून
तिला मालवणला नेणार आहे.
गिरप हसतो. "तांडेल, आता मांजरांची रापण काय?"
हसू दे.
बंदरावरच्या सहा कुत्र्यांच्या पोटावरून हात फिरवून झाला.
एक चावली. पाच जणींनी
कोणी तरी इतक्या वर्षांनी विचारलं, असं करून
डोळे मिटले.

रिपोर्ट अजून नाही.
सुंगटी उजव्या कुशीवर झोपते आता,
टाक्यांवरून माशी उठवायला शेपूट पुरत नाही.
पण वळणावर बाबल्याची फटफटी वाजली
की उठते,
आणि हलवते.