उचकी

गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात
नळाच्या तोट्या आणि किल्ल्या हरवलेल्या कुलपांच्या ढिगात
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती होती.
हुसेन म्हणाला, मावशी, डबा घ्या, ताटली फुकट.
देवळाली कॅम्पात लॅम रोडला पिंटोबाईंचा बंगला रिकामा झाला,
पियानो पुण्याला गेला, कुत्रा शेजारी,
उरलंसुरलं त्याच्या हातगाडीवर.

लेबल कसरीनं खाल्लेलं.
गाण्याचं नाव गेलं, गावाचं गेलं,
कंपनीचा कोंबडा उरला, बिनतुऱ्याचा,
आणि गाणाऱ्याच्या नावाचं नुसतं शेपूट:
…नी टॅडलॉक.
जॉनी? रॉनी? लॉनी?
मराठीत बरं आहे,
कोणी गायलं विचारलं की शेवटी हेच येतं:
त्यांनी. लोकांनी. कुणाकुणांनी.

भोक पेढ्याएवढं.
खोकल्याच्या औषधाचं झाकण कापून मधे बसवलं,
ते किंचित एका अंगाला,
म्हणून तबकडी लंगडत फिरते.
उपनगरचे थेटे म्हणाले, सुई बदलून देतो,
आवाजाची हमी नाही.

दोन मिनिटं सात सेकंद.
ड्रम नाहीच.
माणसाहून उंच एक लाकूड, त्याच्या तारा ओढून कोणी आपटतंय,
रामकुंडाच्या खाली धुणं आपटतात तसं,
ओलं, सपाट, दगडाला लागलेलं.
आणि प्रत्येक आपटीमागे तिचीच सावली.
शाळेच्या सहलीत पांडवलेण्यात मी स्वतःलाच हाक मारली होती,
भिंतीनं माझं नाव जरा उशिरा परत केलं,
तसं.

पोरगा विशीतला असावा.
कसली तरी घाई आहे त्याला.
इंग्रजी मला अर्धंच पोचतं:
गाडी, शनिवार, वेल्मा नावाची कोणी.
गिटारवाला एकदा चुकतो,
साफ चुकतो, बोट भलत्याच तारेवर,
मग कोणीतरी हसतं.
ते हसूही छापलं गेलंय.
शेवटी खुर्ची सरकते.

तेहतीस वर्षं मी नोट प्रेसमध्ये तपासणीला होते.
शाई पुसट, नंबर वाकडा, कड केसभर सरकलेली,
लाल पेन्सिल. बाद.
एक नोट दुसरीसारखी नसेल तर ती नोटच नव्हे.
सुटताना गेटवर झडती,
एकही चूक कधी पदराआड घरी आली नाही.

ही मी पहिल्या मिनिटालाच बाद केली असती.
तिकडच्या छापखान्यात कोणीतरी
पेन्सिल खाली ठेवली असेल.
किंवा पुन्हा गायला पैसे नसतील, खोलीचं भाडं तासावर,
बाहेर दुसऱ्या कोणाची पोरं ताटकळत.
तीनशे काढल्या असतील. दोनशे नव्वद
कुणाच्या तरी गॅरेजमध्ये उन्हानं वाकल्या.
एक बोटीत बसली.

शेजारचा कौस्तुभ म्हणतो, काकू, साफ करून देतो,
कॉम्प्युटरवर खरखर काढता येते.
मी म्हटलं, हात लावशील तर बघ.
त्या खरखरीत पिंटोबाईंच्या टाचा आहेत,
कॅम्पातल्या कुठल्या तरी डिसेंबरात
लाकडी जमिनीवर, शेकोटी विझेपर्यंत.
मी त्यांना पाहिलेलं नाही.
म्हणून काय झालं.

आणि ती उचकी.
शब्द मधेच तुटतो, गळा वर उडतो,
पुढचं अक्षर हवेतून खाली येतं.
म्हणे तेव्हा गायची रीतच तशी होती.
असेल.
आमच्याकडे उचकी लागली की
आठवण काढणाऱ्यांची नावं घेत जातात एकेक,
मामा, मावशी, सासर, माहेर,
बरोबर नावावर ती थांबते.

त्याला माझं नाव कसं सुचणार?
तो वेल्मा म्हणून बघतो, पुन्हा वेल्मा,
थांबत नाही.
दुपारचे तीन, जेलरोड, प्रेसचा भोंगा अजून व्हायचाय.
मी सुई उचलून परत कडेला ठेवते.
पाणी पी रे, म्हणावंसं वाटतं.
म्हणत नाही.