चारही बाजूंनी नाव

रुवीत, बँकेच्या मागच्या गल्लीत, माझ्या खोलीखाली
सत्तार मुकादमांचं कार्गोचं दुकान.
रात्री साडेअकरापर्यंत चिकटपट्टी ओरबाडल्याचा आवाज
जिन्यातून वर येतो,
आणि वर मीही तेच करत असते,
खोकी बांधत.

माझ्या खोक्यात दुधाची पावडर नसते, ब्लँकेट नसतं.
मेंदूच्या लहरी वाचणारा एक प्रोग्राम असतो,
टार्टूच्या कुणा प्राध्यापकानं अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला
आणि मग, गावी निघालेला माणूस शेजारी किल्ली देतो
तसा सोडून दिलेला:
घ्या, वापरा, बदला, हमी कसलीच नाही.
तो एकटा चालत नाही.
त्याला गणिताची एक लायब्ररी लागते, तिची जुनीच आवृत्ती.
आलेख काढणारीला मात्र नवीच हवी.
दोघी एका घरात नांदत नाहीत.
मी कधी हिची ओळ बदलते, कधी तिची,
मग तीन जातींच्या संगणकांवर लावून बघते.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत राहतं.
याचा पगार नाही. पगार दिवसा, सिमेंटच्या कंपनीत, बिलांचा.

मार्चमध्ये गुलूहून अकेल्लो नावाच्या मुलीचं पत्र आलं.
फिट येणाऱ्या त्रेचाळीस मुलांच्या डोक्यांना तारा लावून
तिनं लहरी टिपल्यात.
मशीन देणगीतलं, त्याची फाइल दुसरं काही उघडत नाही.
तुमचं उतरवायला घेते, तिनं लिहिलं होतं,
एकसष्ट टक्क्यांवर तुटतं. चार वेळा.
इंटरनेट मी तासावर विकत घेते.

मला राग आला, खरं सांगते.
एवढं सगळं घालून दिलं होतं,
नमुन्याच्या फायली, रंगीत आलेख, चाचण्या, धडे,
कुणाला काही कमी पडू नये म्हणून.
दोन गिगाबाइट!

खाली गेले, चहा आणायला.
सत्तारचाचा खेडच्या एका ड्रायव्हरचं खोकं पुन्हा उघडत होते.
काट्यावर बत्तीस, पैसे तीसचेच.
"साबण काढ," ते म्हणाले. "साबण तिकडं मिळत नाय काय?
मिळत नाय तेवढंच पाठव."
ड्रायव्हर हिरमुसला. बारा वड्या काउंटरवर राहिल्या.
मग चाचांनी पट्टी मारली, जाड मार्करनं
वर नाव लिहिलं, मग चारही बाजूंनी,
मग खोकं उलटं करून तळालाही.
"कुठली बाजू वर येल, ते आपल्या हातात हाय काय, बाय?"

चहा राहिलाच.
पहाटेपर्यंत मी साबण काढत होते.
धडे गेले. रंग गेले.
आलेखवाली गेली, तशीही ती भांडकुदळ.
त्या देणगीच्या मशीनची भाषा कळणाऱ्या ओळी ठेवल्या
आणि नाव, आवृत्ती, काय लागतं, काय लागत नाही,
हे सगळीकडून लिहिलं,
चुकीच्या दारानं शिरणाऱ्यालाही दिसेल असं.
प्राध्यापकाचं नाव होतं तिथंच, सगळ्यात वर.
माझं आठव्या ओळीत.
अडतीस मेगाबाइट.
फजरची अजान झाली. समोरचा बिनझाडाचा डोंगर
तांबूस होत होता तेव्हा पाठवून दिलं.

एप्रिल गेला. मे गेला.
अकेल्लोचं काही आलं नाही.
मोजणीत आकडा दिसतो, सत्तावन्न वेळा उतरवलं.
त्यात माणसं किती आणि आपोआप फिरणारी यंत्रं किती,
सांगता येत नाही.
चाचांना विचारलं, पोचलं हे कसं कळतं तुम्हाला?
ते सुतळीचं टोक दातानं तोडत होते.
"पोचल्यावर कोण फोन करतंय?
नाय पोचलं की करतात."

वर आले. बादली भरली होती, ती ओतली.
गणितवालीनं मधल्या मधे
नवी आवृत्ती काढून एका फंक्शनचं नाव बदललं होतं.
पुन्हा बसले,
नखानं चाचपत,
चिकटपट्टीचं टोक कुठं गेलं ते शोधत.